औत उचलायचा दांडा

आमचा ट्रॅक्टर छोटा होता आणि जुना होता. एकाच्या शेतात राबून, दुसऱ्याच्या गोठ्यात पडून राहून मग तो आमच्या दारात आला. त्याला हायड्रॉलिक नव्हतं. मोठ्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर बसल्या जागी एक बारकी दांडी ओढतो आणि मागचं औत आपसूक वर उठतं, तो थाट आमच्याकडे नव्हता. आमच्या सीटच्या मागे माझ्या खांद्याला लागेल एवढा उंच लोखंडी दांडा होता. औताचं तास संपून बांध आला की तो दोन्ही हातांनी खाली ओढायचा, खाचेत अडकवायचा, म्हणजे औत मातीतून वर यायचं. ट्रॅक्टर वळला की पुन्हा सोडायचा. औत किती खोल चालवायचं तेही त्याच खाचांवर ठरायचं. हा दांडा ओढायचं काम माझं होतं.

माझं, कारण आमच्या मालकांचा उजवा हात अधू होता. लग्नाच्या आधी गुऱ्हाळावर उसाच्या चरकात तो ओढला गेला. बोटं राहिली, पण कोपर वाकडं झालं आणि हातातलं बळ गेलं. स्टिअरिंग ते डाव्या हाताने सांभाळायचे, उजवा नुसता टेकवायचे. धाकटे दीर होते तोवर दांडा त्यांच्याकडे होता. ते सोलापूरला गिरणीत गेले आणि सीटमागच्या फळीवर मी उभी राहिले.

म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं होतं, पण आमच्या घरातल्या सुनेसाठी काहीच बदललेलं नव्हतं. वडीलधारी माणसं खाली बसलेली असताना सुनेने बाजेवरसुद्धा बसायचं नाही. मारुतीच्या देवळापुढून जाताना चप्पल हातात घ्यायची, मान खाली घालायची. आणि मी ट्रॅक्टरवर, पारावरच्या म्हाताऱ्यांच्या पागोट्यांपेक्षा उंच, सगळ्या गावाला दिसेल अशी उभी. बरं, दांड्याला दोन्ही हात लागायचे, त्यामुळे पदर दातात धरावा लागायचा. औत उचलताना जोर लावला की तोंड उघडायचं आणि पदर जायचा.

मी यावर एक तोडगा काढला होता. देवळाच्या अलीकडे ट्रॅक्टरवरून उतरायचं, खाली मान घालून पार ओलांडायचा आणि पलीकडच्या चिंचेखाली पुन्हा चढायचं. मालक तिथे इंजिन चालू ठेवून थांबायचे. मला वाटायचं, यात अब्रू राहतेय. उलट सगळं गाव माझ्या त्या चढउताराची वाट बघत बसायचं. एखादा म्हणायचा, "आलं बघा, ट्रॅक्टर हितं बायको उतरवायलंय." मालक त्यांच्याबरोबर हसायचे.

"तुमाला कायच कसं वाटत न्हाई?" मी विचारायचे.

"काय वाटायचंय? औत उचलायलीस, कुणाचं घर फोडायली न्हाईस," ते म्हणायचे.

खरंच त्यांना काही वाटत नव्हतं. उन्हाळ्यात बाह्या पार दंडापर्यंत दुमडून ते गावभर हिंडायचे. वाकडं कोपर, त्यावरची ती चकाकणारी, सुरकुतलेली कातडी, सगळं उघडं. लहान पोरांनी विचारलं तर चरकाची गोष्ट रंगवून सांगायचे. मी मात्र माहेरचं कुणी येणार असलं की त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचा सदरा काढून ठेवायचे. माहेर माझं खजुरीकडचं. तिकडे गेले की मी सांगायचे, आमचे मालक ट्रॅक्टर चालवतात. दांडा कोण ओढतं, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटी मी हट्टच धरला. त्या दांड्याचं काहीतरी करा, नाहीतर मी चढणार नाही. माझा पदर, माझी लाज, मामंजींचा मान, सगळं मी एकाच दमात ऐकवलं. मालक म्हणाले, "बरं. बघतो."

मन्नाएखेळ्ळीला हमरस्त्यावर ट्रकची कामं करणारा एक मिस्त्री होता. मालकांनी ट्रॅक्टर त्याच्याकडे नेला. रस्त्याच्या कामावरून भंगारात आलेल्या कुठल्याशा मशीनचा सिलिंडर त्याच्याकडे पडून होता. एक पंप त्याने इंजिनाच्या पट्ट्यावर बसवला, सीटखाली तेलाची टाकी बसवली, तिथून जाड रबरी पाइप मागे नेले आणि औताच्या दोन्ही बाजूंना उचलायचे लोखंडी हात जोडले. आमचा उंच दांडा त्याने मुळापासून कापून टाकला. मी उभी राहायचे ती फळीही काढली. ट्रॅक्टर आणायला आम्ही दोघं गेलो तेव्हा त्या जागी मालकांच्या डाव्या हाताशी वीतभर लांबीची दांडी होती.

"दो उँगली से उठता, भाबी," मिस्त्री म्हणाला.

मालकांनी दोन बोटांनी ती दांडी ओढली. मागचं औत कुरकुरत वर उठलं आणि तिथेच थांबलं. थोडी सोडली तसं हळूहळू खाली आलं, पाहिजे तिथे अधांतरी राहिलं. मला इतका आनंद झाला की मी मिस्त्रीच्या चिमुरडीला पिशवीतली सगळी केळी देऊन टाकली. येताना मी एस.टी.ने आले. मुद्दाम. मालक एकटेच ट्रॅक्टर घेऊन गावात शिरले आणि पारापुढे थांबून त्यांनी म्हाताऱ्यांना औत वरखाली करून दाखवलं, असं मला नंतर कळलं.

त्या वर्षी मी घरच्या चुलीपुढे बसून भाकरी थापल्या, डोक्यावर पदर ठेवून टोपलं घेऊन शेतात गेले. मी खूश होते. माहेरी निरोपावर निरोप धाडले, आमच्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिक बसवलंय, बघायला या.

खांडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी सगळी अवजारं धुऊन, तेल लावून पूजतात. मामंजींनी कुळव, तिफण, विळे, कुऱ्हाडी ओळीने मांडल्या, करडीचं तेल बोटाने लावलं. मग ते ट्रॅक्टरपुढे आले. जुन्या माणसाला आता याला तेल कुठे लावायचं कळेना. बैलांना सणाला बांबूच्या नळीने तेल पाजतात, ती नळी त्यांनी आणायला लावली. "ह्याला बी तोंड हाय की," म्हणत हायड्रॉलिकच्या टाकीचं झाकण काढलं आणि नळी भरभरून करडीचं तेल आत ओतलं. मालक शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून हसत मान हलवली. आप्पाने एवढ्या मायेने पाजलेलं तेल नको कसं म्हणायचं? आणि तेलात तेल गेलं, त्याने काय होतंय?

करडीचं तेल तापलं की चिकट होतं आणि वाळलं की रोगणासारखं घट्ट बसतं. मोटेच्या चामड्याला आमच्याकडे तेच कढवून चोळायचे, पाणी झिरपू नये म्हणून. मामंजींनी स्वतः जन्मभर चोळलं होतं. आमच्या घरात हे माहीत नाही असं माणूस नव्हतं, आणि तरी कुणाच्याही डोक्यात ते आलं नाही.

दसरा झाला. ज्वारीची पेरणी सुरू झाली, एक-दोन दिवस ती सुरळीत चालली. मग परतीच्या पावसाने काही दिवस बसवलं. जमीन सुकून वापसा आला त्याच दिवशी सकाळी माझे वडील आणि काका खजुरीकडून आले. मी त्यांना घरात नीट टेकूही दिलं नाही. भाकरीचं टोपलं डोक्यावर घेतलं आणि दोघांना शेतात घेऊन गेले. बांधावरच्या बाभळीखाली पोतं अंथरून बसवलं. शेजारच्या शेतातली माणसंही पाव्हण्यांशी बोलायला येऊन टेकली.

मालक लांबून तास घेत येत होते. घाईत निघाल्यामुळे मी काढून ठेवलेला सदरा त्यांनी घातला नव्हता. बाह्या दुमडलेल्या होत्या. मला ते लांबूनच दिसलं आणि माझा सकाळपासूनचा आनंद तिथेच विटला.

"आता बघा बाबा, दोन बोटांनी उठतंय," मी म्हणाले.

बांध आला. मालकांनी दांडी ओढली. औत उठेना. पुन्हा ओढली, पुढे-मागे केली, इंजिनाचा जोर वाढवला. पेरणीचं औत बियांच्या पेटीसकट मातीत रुतून बसलेलं. पुढे बांध, बांधापलीकडे विहीर, आणि औत खाली असताना वळायची सोय नाही. त्यांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. टाकीचं झाकण काढून बोट घातलं, वर काढलं, तर बोटाला गुळाच्या पाकासारखी तार आली. ते हसले. "आप्पानं पाजल्यालं बाधलं ह्याला," म्हणाले. मग मागे गेले. औत हाताने उचलून साखळीने वर बांधायचं, म्हणजे ट्रॅक्टर घरी नेता आला असता. त्यांनी डावा हात औताखाली घातला, उजवा नुसता आधाराला लावला आणि जोर केला. औत वीतभर उठलं. वाकड्या कोपरावरच्या शिरा ताठ झाल्या. साखळी ट्रॅक्टरला लोंबत होती. ती अडकवायला तिसरा हात पाहिजे होता.

"ये ग," त्यांनी हाक मारली. "मी धरतो, तू साखळी अडकव."

एवढंच काम होतं. माझ्यापासून दहा-पंधरा पावलांवर. मी औत उचलायचं नव्हतं, कशावर चढायचं नव्हतं, पदर दातात धरायचा नव्हता. नुसती साखळी आकड्यात अडकवायची. पण मी गेले असते तर सगळ्यांना कळलं असतं की ही बाई हे काम रोज करत आली आहे, या माणसाला एकट्याला ते जमत नाही. मी टोपल्यावरचं फडकं सारखं करत बसले.

"ये की. कामून बसलीस?"

"माणसं हायत," मी हळू म्हणाले. शेत शांत होतं, इंजिन बंद होतं. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. औत त्यांच्या हातात थरथरत होतं. मग ते त्यांच्या हातून सुटलं आणि पेटी एका बाजूला कलून बी मातीवर सांडलं. शेजारचा एक जण उठायला लागला, पण त्याच्या आधी माझे वडील उठले. त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून पोत्यावर ठेवलं, धोतर खोचलं आणि औताला हात घातला. सासरा जावयाच्या शेतात पाहुणा म्हणून आलेला, अजून तोंडात पाणीसुद्धा घेतलेलं नाही, आणि तो मातीत वाकून औत उचलतोय. "अहो मामा, राहू द्या," मालक म्हणत होते. वडिलांनी औत धरलं, मालकांनी डाव्या हाताने साखळी अडकवली.

मी तिथे बसून राहिले. पदर डोक्यावर होता, अगदी कपाळापर्यंत होता. त्या पदराचं मला कधीच काही पडलेलं नव्हतं, हे मला तेव्हा लख्ख कळलं. पाराची, म्हाताऱ्यांची, उंच उभं राहण्याची, सगळी लाज मी जोडून जोडून आणली होती. मला लाज वाटायची ती त्या हाताची. मी फळीवर उभी राहिले की तो हात सगळ्यांना दिसायचा, म्हणून मला फळी नको होती.

संध्याकाळी वडिलांना एस.टी.पर्यंत सोडायला मी गेले. काका पुढे चालत होते. गाडी आली तेव्हा वडील म्हणाले, "पोरी, मी त्येचा हात बघूनच तुला दिली व्हती. त्येनं सोयरिकीच्या बैठकीत समद्यांम्होरं बाही वर करून दाखविला व्हता." एवढं बोलून ते गाडीत चढले.

हायड्रॉलिक दुरुस्त झालं. मिस्त्रीने सगळं खोलून रॉकेलने धुतलं, नवं तेल भरलं, आणि ते पुढे पुष्कळ वर्षं नीट चाललं. मामंजींनी त्याला पुन्हा कधी तेल पाजलं नाही. मालक माझ्यावर रागावले नाहीत. त्या दिवसाचा विषयही त्यांनी काढला नाही. रागावले असते तर मी पाया पडून मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्ण बाह्यांचा सदरा घालून शेतात निघाले. मला वाटलं, असेल आजच्या दिवस. पण तो सदरा धुवायला पडला तर दुसरा पूर्ण बाह्यांचा, आणि मनगटाची गुंडीसुद्धा डाव्या हाताने धडपडत लावलेली. थंडी सरली, उन्हाळा आला. नांगरटीच्या दिवसांत घामाने त्यांची पाठ भिजून जायची, तरी बाह्या खालीच. एकदा मी जेवण घेऊन गेले तेव्हा मला राहवेना. आसपास चिटपाखरू नव्हतं.

"बाह्या दुमडा की जरा," मी म्हणाले. "किती उकडायलंय."

त्यांनी भाकरी मोडून घास तोंडात घातला, सावकाश चावला.

"असू दे," ते म्हणाले. "माणसं असत्यात."