नागम्माची सब्बक्की

नागम्माचं माहेर आळंदकडचं. लग्न होऊन ती तुळजापुरात आली आणि पुढं भाषेवरून राज्यं वेगळी झाली तेव्हा ते सगळं माहेर म्हैसूर राज्यात गेलं. जीभ तेवढी तिकडचीच राहिली. सासू सत्यभामाबाई तिला नावानं कधी हाक मारायच्या नाहीत. "अगं कानडी" म्हटलं की झालं. नागम्माला ते लई लागायचं.

एका नवरात्रात तिनं मोटारस्टँडजवळ साबुदाण्याच्या खिचडीची चूल मांडायचं मनावर घेतलं. सोलापूरच्या गाड्या भरभरून यायच्या, सगळी उपासाची माणसं. सासूबाईंनी नाक मुरडलं. "मद्रासकडचं ते पांढरं काय, कोण खाणार? भगर काय वाईट हाय? बघ करून. खपलं न्हाय तर पुन्हा चुलीचं नाव काढायचं न्हाय."

पहिल्याच दिवशी खिचडी अशी मोकळी झाली की बघत राहावं. शेंगदाण्याचा कूट, जिरं, हिरवी मिरची. वासानंच माणसं जमली. कुणीतरी विचारलं, "काय हो हे?" आणि घाईत बिचारीच्या तोंडून साबुदाण्याचा माहेरचा शब्द निसटला, "सब्बक्की."

रांगेतल्या एका सोलापूरच्या बाईंना कानडी कळत होतं. "अक्की म्हणजे तांदूळ. उपासाला भात खाऊ घालता व्हय?"

झालं. पुढं आलेले हात मागं गेले. "तांदूळ न्हाय ओ, कंद असतंय जमिनीतला, त्याच्या पिठाचे दाणे," नागम्मा सांगत होती, पण मराठी अडखळली की माणूस खोटारडा वाटतो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात पाण्याची घागर घेऊन सासूबाई आल्या. काय झालं ते ऐकलं, घागर खाली ठेवली.

"बाई, तुम्ही उपासाला काय खाता?"

"भगर."

"तिला वरीचे तांदूळ म्हणतात की न्हाय? मग तुमचा तांदूळ चालतो, आन् आमच्या सुनेचा तेवढा बाटला?"

रांगेत हशा पिकला. त्या बाईसुद्धा हसल्या. तरी हात काही पुढं येईना, शंका ती शंकाच. सासूबाईंचा नऊ दिवसांचा कडक उपास साऱ्या आळीला ठाऊक होता. भगरीशिवाय त्यांनी कधी काही तोंडात घातलं नव्हतं. त्या चुलीपुढं फतकल मारून बसल्या.

"वाढ, नागम्मा. सब्बक्की वाढ मला."

नागम्मानं घाईघाईनं द्रोण भरला, थोडी खिचडी बाहेर सांडली. सासूबाईंनी घास घेतला, सावकाश चावला. "मीठ कमी हाय," म्हणाल्या आणि द्रोण पुन्हा पुढं केला.

मागं रांगेतले हात पुन्हा पुढं आले होते. नागम्माला मात्र अजून आपलं नावच ऐकू येत होतं.