माझ्याच नावे कारणे दाखवा नोटीस

तळोज्याच्या कारखान्यांमधून येणाऱ्या वासाविरुद्ध मी इतकी पत्रे लिहिली आहेत की, नवीन पनवेलमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने रहिवाशांच्या तक्रारींसाठी ॲप करायला घेतले, तेव्हा सल्लागार म्हणून मलाच बोलावले.

टीमप्रमुख बाईंनी एकच काम सांगितले. ॲपचा एखादा भाग ‘पूर्ण’ झाला असे कधी म्हणायचे, ते लिहून द्यायचे. “चार-पाच ओळी पुरेत, काका.” मी बत्तीस कलमे दिली. शेवटचे असे, की प्रस्तुत सल्लागाराने तपासल्याखेरीज कोणताही भाग पूर्ण समजला जाणार नाही. हे कलम लिहिताना मला विलक्षण समाधान लाभले होते.

त्यांच्या भिंतीवर एक फळा होता. कामांच्या चिठ्ठ्या ‘करायचे’पासून ‘चालू’, ‘तपासणी’ आणि ‘पूर्ण’ अशा रकान्यांतून सरकत. दर दोन आठवड्यांनी तयार झालेले, ॲप करून घेणाऱ्या ग्राहकाला दाखवायचे. सलग दोनदा दाखवण्यासारखे काहीच नव्हते. येत्या सोमवारीही तसेच झाले, तर काम जाणार आणि टीम मोडणार, हे बाईंनी सर्वांना सांगून ठेवले होते.

गुरुवारी मी फळा पाहिला. ‘तपासणी’च्या रकान्यावर मर्यादा एका वेळी तीन चिठ्ठ्यांची लिहिलेली, आणि चिठ्ठ्या अकरा! माझे मस्तक फिरले. तिथेच बसून मी कारणे दाखवा नोटीस लिहिली: कामे अडवून ठेवणाऱ्या इसमाने चोवीस तासांत लेखी खुलासा करावा, अन्यथा त्यास काही सांगावयाचे नाही असे गृहीत धरले जाईल.

बाईंनी ती शांतपणे वाचली. “कुणाला बजावायची, काका?”

“ज्याने अडवले त्याला!”

“मंग तुमच्याच हातात राहू द्या,” जवळच्या विचुंबे गावातून येणारी प्रोग्रामर मान वर न करता म्हणाली. “तपासणार तुमी. आमी कवापासून थांबलोय.”

मी नऊ दिवस केवळ लॉगिनच्या पडद्याविषयी टिपण लिहीत होतो. बाकीचे भाग दुसरे कोणीतरी तपासत असेल, अशी माझी समजूत होती.

“मी खुलासा देतो,” मी म्हणालो.

“खुलासा नको. बसा आणि तपासा,” बाई म्हणाल्या.

शुक्रवारी दुपारपर्यंत दहा भाग तपासून झाले. टिपण न जोडता नुसते ‘ठीक आहे’ म्हणताना मला अक्षरशः घाम फुटत होता. अकराव्या भागात अधिकाऱ्याने बटण दाबले, की तक्रार बंद होत होती. तक्रारदाराला कोणी विचारतच नव्हते. माझ्या अनेक तक्रारींचा अंत असाच झाला आहे.

“हे चालणार नाही! एकोणतिसाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे!”

“एकोणतिसापर्यंत पोचलं कोन, काका?”

असे म्हणूनही प्रोग्रामरने शनिवारी येऊन ते दुरुस्त केले.

सोमवारी ग्राहकाने तक्रार बंद करून पाहिली. आधी तक्रारदाराची संमती मागितली गेली. “हे कुणाला सुचलं?” त्याने विचारले. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवले आणि तत्काळ म्हणाल्या, “थोडक्यात, काका.”

मी थोडक्यात सांगितले. त्याला सुमारे वीस मिनिटे लागली. काम तरीही आमच्याकडेच राहिले.