चाळीस सकाळींची वही

संख्याशास्त्राची ती वही अजून माझ्याकडे आहे आणि तिची मला किळस येते. मग फेकून का देत नाही, असं सून विचारते. घाण डोळ्यांसमोर असलेली बरी, नाहीतर माणूस स्वतःला फार शहाणं समजायला लागतो, असं मी तिला सांगते.

इंदुरातलं आमचं घर तीन खोल्यांचं, भाड्याचं. बाबा मॅजिस्ट्रेटच्या कचेरीत अव्वल कारकून होते. आजोबाही होळकरांच्या दप्तरात होते, त्यामुळे आम्ही स्वतःला सुधारलेली माणसं समजायचो. घरात वर्तमानपत्र यायचं, मला कॉलेजात घातलं होतं. आणि रोज सकाळी पावणेदहाला आई स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायची, "वन्सं, निघताहेत हं." मग माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण, हातातलं काम टाकून कोठीच्या दाराआड जाऊन उभी राहायची. कामाला निघालेल्या माणसाला विधवा आडवी जाऊ नये म्हणून. पंधराव्या वर्षी तिचा नवरा गेला होता आणि आता ती पन्नाशीला आली होती. बाबा सायकल काढायचे आणि गल्लीच्या कोपऱ्यावर पोचले की घंटी दोनदा वाजवायचे. म्हणजे, आता बाहेर ये. बहिणीला जास्त वेळ कोंडून ठेवत नाहीत, केवढी माया, असं शेजारणी म्हणायच्या. लाज वाटते सांगायला, पण मलाही ती मायाच वाटायची.

संस्थानं विलीन होऊन मध्यभारत झालं आणि इंदूर-ग्वाल्हेरचे कारकून ज्येष्ठतेच्या एका यादीत घातले गेले. त्या यादीत बाबा सात जागा खाली गेले. ग्वाल्हेरचा एक त्यांच्याहून लहान माणूस वर बसला. यादी लागली त्या दिवशी सकाळी आत्या पाण्याची कळशी घेऊन त्यांच्यासमोर आली होती. आईचा आवाज तिला ऐकू गेला नव्हता, एवढंच. संध्याकाळी बाबांनी टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "सत्यानाश. सुबह सुबह हिचं तोंड पाहिलं, और क्या होणार?"

तेव्हापासून आत्याला देपालपूरला पाठवायची भाषा सुरू झाली. तिथे तिच्या दिराचा मुलगा धान्याचा व्यापार करायचा. तिथे जायचं म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. लग्नानंतर सहा महिने आणि नवरा गेल्यावर दोन वर्षं तिनं तिथे काढली होती. "तिथे मला कुणी माणसात धरत नाही गं," ती मला म्हणाली. "इथे निदान तू आहेस, तुझ्याशी बोलता येतं."

त्याच सुमारास आमच्या प्रोफेसरांनी वर्गाला घरून एखादा प्रश्न आणायला सांगितला. पुस्तकातली लाल-पांढऱ्या गोट्यांची गणितं करून आम्ही कंटाळलो होतो. कुणी दूधवाल्याच्या पाण्याचा प्रश्न आणला, कुणी महूहून येणारी गाडी सोमवारीच उशिरा येते का, हा आणला. मी उभी राहून विधवेच्या तोंडाचा प्रश्न मांडला. मुलं हसली. प्रोफेसर हसले नाहीत. "बहुत अच्छा. पहले मान के चलो कि कोई असर नहीं है. फिर देखो, आकडे इस बात को झुठलाते हैं क्या." दिवस मी निवडायचे नाहीत, नाण्याला निवडू द्यायचे, हेही त्यांनीच सांगितलं.

मी हुरळून गेले. आत्याला वाचवायचं होतं आणि शिवाय वर्गात पहिलं यायचं होतं. दोन्हींतलं जास्त काय हवं होतं, ते आज विचारू नका.

आत्याला मी सगळं समजावलं. रोज सकाळी मी नाणं उडवणार. छापा पडला तर तिनं बाबांसमोरून जायचं, काटा पडला तर दाराआड थांबायचं. संध्याकाळी बाबा टोपी खुंटीला लावताना "आज बरा" किंवा "आज सत्यानाश" असं म्हणायचेच, तेच मी वहीत लिहिणार. आईला आम्ही काही सांगितलं नाही. आत्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चालेल. तू म्हणतेस तर चालेल."

चाळीस सकाळी असं चाललं. एकवीस वेळा छापा पडला. म्हणजे एकवीस वेळा आत्या हातात तांब्या नाहीतर केरसुणी घेऊन बाबांना आडवी गेली. दर वेळी बाबा थांबायचे, वहाणा काढायचे, परत आत येऊन बसायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि तिच्याकडे न बघता म्हणायचे, "हिला काही अक्कल आहे की नाही?" आई कपाळाला हात लावायची. बाराव्या का तेराव्या वेळी त्यांनी ते पाणी पिऊन टाकायच्या ऐवजी चूळ भरून तिच्या पायांशी टाकलं. मी खिडकीत बसून वहीत खूण केली. खूण सुबक आली होती, वही काढली की अजून दिसते. आत्याच्या तोंडाकडे मी पाहिलं नाही. माझ्या हिशेबी तिचं तोंड म्हणजे छापा होतं.

एक बरं की आकडे साफ निघाले. आत्या समोर आली त्या एकवीस दिवसांपैकी अकरा दिवस सत्यानाश. ती आली नाही त्या एकोणीस दिवसांपैकी नऊ. सूत्र लावलं, तक्ता पाहिला. एवढा फरक नुसत्या योगायोगानंही सहज पडतो. त्यातून दिवस चांगला की वाईट ते ठरवणारे बाबाच, म्हणजे फिर्यादीच न्यायाधीश, तरीही फरक पडला नव्हता. मी नाचायचीच बाकी होते.

प्रोफेसरांनी वही पाहिली आणि शेवटचं वाक्य खोडलं. मी लिहिलं होतं, 'विधवेच्या दर्शनाचा काहीही परिणाम होत नाही हे सिद्ध झाले.' ते म्हणाले, सिद्ध झालं असं कधी म्हणायचं नाही. आपण फक्त एवढंच म्हणू शकतो की परिणाम होतो असं मानायला पुरेसा पुरावा मिळाला नाही. मी ते वाक्य सुवाच्य अक्षरात लिहून काढलं आणि दहापैकी नऊ गुण मिळवले.

रविवारी बाबा निवांत बसले होते. मी वही त्यांच्यासमोर उघडली आणि नाण्यासकट सगळं सांगून टाकलं. ते भडकतील असं वाटलं होतं. पण त्यांनी चष्मा लावून, बोट फिरवत, कचेरीतला कागद वाचावा तसं सगळं वाचलं. शेवटच्या वाक्यावर बोट थांबलं.

"पुरेसा पुरावा मिळाला नाही," ते म्हणाले. "म्हणजे दोष नाही, असं तू म्हणत नाहीस."

"तसं म्हणता येत नाही, बाबा. शास्त्रात तसं..."

"बस बस. वीस साल हेच लिहीत आलोय बेटा. पुराव्याअभावी सुटका. ऐसा आदमी छूट तो जाता है, पर कोई उसे घर में नहीं रखता." मग आईकडे वळून म्हणाले, "और ये देखो, अकरा आणि नऊ. दोन जास्तच आहेत."

मी एकवीसपैकी आणि एकोणीसपैकी, असं ओरडून सांगत होते. खरं तर सरळ खोटं बोलायला हवं होतं. सिद्ध झालं बाबा, विश्वविद्यालयानं सिद्ध केलं, असं ठणकावून सांगितलं असतं तर ते गप्प बसले असते. छापील अक्षराला आणि साहेबाच्या सहीला ते घाबरायचे. पण मला ते वाक्य बिनचूक हवं होतं. चोख वाक्यापायी मी माणूस घालवलं. आत्या मुद्दाम समोर येत होती, हेही आता त्यांना कळलं होतं. आठ दिवसांत तिची वळकटी देपालपूरच्या मोटारीवर चढली.

ती गेल्यावरही मी मोजत राहिले. हट्टच होता. पुढच्या चाळीस दिवसांत बावीस सत्यानाश निघाले, म्हणजे आधीपेक्षा जास्तच. बाबांना दाखवले तर म्हणाले, "जाताना वळून बघत गेली ना." त्यावर कुठलं सूत्र लावायचं? माझ्या तोंडाची चवच गेली.

दिवाळीच्या सुट्टीत वही घेऊन मी देपालपूरला गेले. आत्या मागच्या पडवीत सूप घेऊन गहू निवडत होती. वाळली होती. माझा चेहरा दोन्ही हातांनी कुरवाळून झाला, तशी मी वही उघडली आणि घाईघाईनं सांगायला लागले, "आत्या, बघ, तू गेल्यावर बावीस! तुझा काही दोष नव्हता, बघ तरी."

पुढच्या खोलीत दिराचा मुलगा खाकरला. मंडईत जायला निघाला होता. आत्यानं सूप बाजूला सारलं आणि धान्याच्या खोलीच्या दाराआड जाऊन उभी राहिली. तो गेला. त्याची पावलं ऐकू येईनाशी झाली तरी ती बाहेर येईना.

"आत्या, गेला तो. ये आता."

"इथे घंटी नसते," ती आतून म्हणाली. "कुणी सांगेपर्यंत थांबायचं, नाहीतर विसरलेलं काही न्यायला परत येतो."

मी वही घेऊन दाराजवळ सरकले. तिनं आतूनच विचारलं, "काय गं, त्या एकवीस दिवसांत मीपण सकाळी सकाळी दादाचं तोंड पाहिलं. माझा दिवस कसा गेला, ते कुठे लिहिलंयस?"

मी वहीत पाहिलं. चार रकाने होते. तारीख, नाणं, समोर आली की नाही, आणि दिवस. दिवस बाबांचा होता.