आपल्या मुलखातलं गवत

फत्तेसिंगरावांचे पणजोबा मैसूरच्या राजाच्या घोडदळात होते म्हणे. घोडा गेला, तलवार गेली, हुकूम सोडायची सवय तेवढी घराण्यात राहिली. आता हुकूम ऐकायला बायको वनजा होती आणि मैसुरातल्या हेब्बाळकडच्या घरापुढचं लॉन होतं.

रोज सकाळी ते व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत आणि काठीने दाखवत. "तिथं जेकु आलाय बघ. अन् तिथं." जेकु म्हणजे लॉनमध्ये घुसणारं तण. वनजाने तो खुरप्याने गड्ड्यासकट काढायचा, पाणी मारायचं, मग कॉफी. गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झाली तेव्हा तिला वाटलं, आता आपण मोकळ्या. कसलं काय! शाळा होती तेव्हा निदान बस पकडायला घराबाहेर पडता यायचं.

शहराबाहेर वरुण्याला तिची मैत्रीण वेदवती गावातल्या मुलींना गणित शिकवायची. एकटीला वर्ग झेपेना, म्हणून ती वनजाच्या मागे लागली. वनजाच्या मनाने तर केव्हाच उचल खाल्ली. तिने घरी विषय काढला.

"जा की," फत्तेसिंगराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. "पण लॉनला पाणी कोण घालणार?"

"माळी ठेवू या."

"माळी जेकु ठेवतो अन् लॉन उपटतो. बेड, बेड. नकोच ते."

वेदवतीच्या नारळबागेत जेकुचीच एक बुटकी जात दाट पसरली होती. पाणी नाही, कापणी नाही, कुणी ढुंकून बघत नाही, तरी हिरवीगार. वनजा मूठभर घेऊन आली. पण अंगणात जेकु लावते म्हटलं असतं तर ह्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. साताऱ्याहून नोकरीसाठी आलेली शेजारीण प्रार्थना ती मूठ बघून म्हणाली, "अय्या, लव्हाळा!"

हा शब्द वनजाने कधी ऐकला नव्हता. म्हणजे ह्यांनीही ऐकलेला नसणार. मराठेपणाचा अभिमान ढीगभर, मराठी शब्द मूठभर!

"अहो, लव्हाळा लावू या का? महाराष्ट्रातलं गवत आहे. पाणीच लागत नाही त्याला."

"आपल्या मुलखातलं?" फत्तेसिंगरावांची छाती फुगली. "मग लाव की!"

लॉन निघालं. वनजाने झुबके सोडवून वीत-वीत अंतरावर लावले, रुजेपर्यंत जपले. हळूहळू सगळी जमीन झाकली गेली. आनंदाने तिने वेदवतीला कळवलं, सोमवारपासून येते.

"सोमवारी कसं?" फत्तेसिंगराव म्हणाले. "सोमवारी सयाजीराव गवत बघायला यायचेत. आपल्या मुलखातलं गवत, दाखवायला घरची बाई नको?"

फत्तेसिंगरावांचे मित्र सयाजीराव आले, मग त्यांचे व्याही, मग आणखी कुणी. वनजा कॉफी करत राहिली. स्वतःच्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता, सांगते कुणाला? शेवटी वेदवतीचा फोन आला. ह्या सोमवारी नाही आलीस तर मला दुसरी बाई बघावी लागेल.

वनजा तरातरा व्हरांड्यात गेली. "लव्हाळा-बिव्हाळा काही नाही. जेकु आहे तो, तुमचाच जेकु! उपटा हवं तर. मी सोमवारी जाणार."

फत्तेसिंगराव चिडले नाहीत. हसले.

"गोत्तु गं. माहीत आहे मला. पहिल्याच दिवशी कळलं. इतकी वर्षं जेकु दाखवत कोण होतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"इरली म्हटलं. राहू दे, तुला हौस होती." त्यांनी पेपर उलगडला. "सोमवारी कॉफी जरा जास्त कर. सयाजीराव जावयाला आणणार आहेत."

वनजाला रडूच फुटलं. इतकी वर्षं ती त्या बिचाऱ्या लॉनवर रागावत आली होती; अडवणारं लॉन नव्हतंच.

ती आत गेली आणि वेदवतीला फोनवर म्हणाली, "तू दुसरी बाई बघ." मग अंगणात येऊन तिने सवयीने नळ सोडला, आणि पाणी नको असलेल्या त्या गवताला पाणी घालत उभी राहिली.