बब्बूच्या कानाची कड

टेबलावर ठेवलेल्या बब्बूला उभं राहता येत नव्हतं. पुढचे पाय टेकवायचा, की मागचे घसरायचे. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, मान खाली. एरवी हा नारिंगी बोका माझ्या टेबलावर आला की आधी माझ्यावर फिस्कारायचा. आज त्याला मी दिसतच नव्हते.

“सकाळी शुगर किती होती?” मी विचारलं.

“चारशे ऐंशी,” डॉक्टरसाहेब म्हणाले. “म्हणून इन्सुलिनचा डोस वाढवला. परवाही वाढवला होता.”

“मला न विचारता?”

“मॅडम, मी रोज शेकडो शुगर बघतो.”

डॉक्टरसाहेब म्हणजे माणसांचे डॉक्टर. नांदेडात मधुमेहासाठी नावाजलेले. नाव सांगत नाही. नुसत्या बोर्डावरच्या डिग्र्या सांगितल्या तरी तुम्ही ओळखाल. मी जनावरांची डॉक्टर. आधी हदगावला सरकारी दवाखान्यात म्हशी आणि बैल तपासले, आता नांदेडात कुत्री-मांजरं बघते. डॉक्टरसाहेब माझ्याशी बोलताना ‘तुमच्या त्या लाईनमध्ये’ अशी सुरुवात करायचे.

मी बब्बूच्या कानातून थेंब घेतला आणि मशीनला लावला. पस्तीस. म्हणजे शुगर इतकी उतरलेली, की अजून उशीर झाला असता तर फिट आली असती, मग बब्बू राहिला नसता. हिरड्यांना ग्लुकोजचं पाणी चोळलं. शिरेत सुई घालून ग्लुकोज हळूहळू सोडलं. शेवटी बब्बूनं मान उचलली, समोर अन्वरभाई दिसले आणि तो त्यांच्यावर फिस्कारला.

अन्वरभाई डॉक्टरसाहेबांचे ड्रायव्हर. “हाव, आता बरा हाय त्यो,” म्हणत ते मागे सरकले. त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत ओरखडे होते.

सुनंदाताई, म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या मिसेस, इतका वेळ कोपऱ्यात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या.

“मॅडम, पुरे झालं आता. ते मशीन नको, ती सुई नको, इन्सुलिनपण नको. लेकरू दिवसभर कपाटामागं बसून राहिलंय. मला बघितलं की पळतंय. माझ्या मांडीवर झोपणारं मांजर हाय ते! जेवढं जगायचं तेवढं जगू द्या त्याला.”

इन्सुलिन बंद केलं असतं तर बब्बू सुखानं जगला नसता. वाळत गेला असता, पाणी पीत आणि लघवी करत बसला असता, आणि शेवट वाईट झाला असता. हे मी सांगितलं. त्या रडायला लागल्या. म्हणून मी दुसरं विचारलं.

“शुगर तपासताना त्याला धरतं कोण?”

“अन्वरभाई पाय धरतात,” डॉक्टरसाहेब म्हणाले. “ही मान धरते. स्वयंपाकवाल्या मावशी टॉवेल दाबतात. मी प्रोसिजर करतो.”

इथं थोडं समजावून सांगते. मांजर घाबरलं की त्याची शुगर चढते. थोडी नाही, भरमसाट. त्यामुळे चारशे ऐंशी हा आकडा नुसत्या आजाराचा नव्हता. त्यात या चौघांच्या धरपकडीचाही मोठा वाटा होता. त्या आकड्यावर यांनी इन्सुलिन वाढवत नेलं. भीती उतरल्यावर शुगर उतरली, आणि वर एवढं इन्सुलिन. मग बब्बू कोसळला.

“स्ट्रेस हायपरग्लायसेमिया,” डॉक्टरसाहेब म्हणाले. “माहितीये मला.”

“माहीत होतं, तर डोस का वाढवला?”

त्यांना अचानक मोबाईलवर काहीतरी महत्त्वाचं सापडलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, रोज जसं करता तसंच करून दाखवा. दाखवलं. अन्वरभाईंनी कपाट सरकवलं. मावशींनी झाडूनं बब्बूला बाहेर काढलं. टॉवेल टाकला. भुरट्या चोराला पकडल्यावर गल्लीत जेवढा गोंधळ होत नाही तेवढा त्या हॉलमध्ये झाला. डॉक्टरसाहेब हातमोजे घालून उभे. “लाईट! अजून लाईट! मान सोडू नका!”

मग त्यांनी टोचायचं पेन घेतलं. माणसं बोटाला लावतात तेच, खटका दाबला की आतली सुई उडते. सुई किती खोल जावी हे त्यावर फिरवून ठरवता येतं. त्यांनी ते शेवटच्या आकड्यावर ठेवलं होतं.

“थांबा,” मी म्हटलं. “आतली सुई नवीन आहे?”

“चालतेय की अजून.”

म्हणजे बोथट. शिवाय ते टोचत होते कानाच्या मधोमध. तिथं कूर्चा असते, रक्त जवळजवळ नाहीच. म्हणून थेंब यायचा नाही, म्हणून परत टोचायचं, मग कान पिळायचा.

मी बब्बूला सोडायला सांगितलं. तो कपाटामागं गेला.

“सर, हेच पेन, असंच, तुमच्या बोटाला लावा.”

“मला कशाला?”

“लावा की हो,” सुनंदाताई म्हणाल्या.

बायको, ड्रायव्हर आणि स्वयंपाकवाल्या मावशी बघून राहिलेत म्हटल्यावर इलाज नव्हता. त्यांनी खटका दाबला.

“आई गं!”

डॉक्टरसाहेबांनी बोट तोंडात घातलं. हजारो लोकांना बोट टोचायला लावणाऱ्या माणसाची स्वतःचं बोट टोचायची ही पहिलीच वेळ असावी. अन्वरभाई एकदम पंख्याकडे बघू लागले.

त्या दिवसापासून पेन बंद. त्याच्या खटक्याच्या आवाजानंच बब्बू दचकायचा. टॉवेल बंद, हॉल बंद, डॉक्टरसाहेबही बंद. बब्बूला दुपारी आतल्या खोलीत खिडकीपाशी सतरंजीवर लोळायची सवय होती. मी ताईंना तिथं बसायला सांगितलं. सुरुवातीला तपासायची सुई नाहीच. फक्त कान चोळायचा आणि उकडलेल्या चिकनचा तुकडा द्यायचा. दुसऱ्या दिवशी परत तेच.

“एवढा वेळ कुणाला आहे?” डॉक्टरसाहेब दारातून म्हणाले.

“तुम्हाला न्हाई,” ताई म्हणाल्या. “पहिलीच्या वर्गात पोरं बसवते मी रोज. हे एक पोरगं काय जड हाय?”

तोवर इन्सुलिनचा डोस मी अगदी कमी ठेवला, तो बब्बू खाण्यात गुंतला असताना द्यायचा, आणि बब्बू पाणी किती पितो, खातो कसा, यावर नजर ठेवायला सांगितली. बब्बू आधी लांबून बघायचा. मग येऊन चिकन घेऊन पळायचा. मग पळायचं विसरायला लागला.

तो मांडीवर येऊन बसला त्या दिवशी ताईंनी फोन केला. मी लगेच गेले.

पायमोज्यात गरम केलेले तांदूळ भरले. आधी मनगटाला लावून बघितलं, चटका बसत नाही ना. मग मोजा कानाला धरला. कान गरम झाला की रक्त तिथं येतं, जोरात टोचावं लागत नाही. कडेला व्हॅसलीनचं बोट फिरवलं, म्हणजे थेंब केसांत पसरत नाही, गोल उभा राहतो. कानामागं कापसाचा बोळा. मोबाईलच्या उजेडात कानाच्या कडेची शीर दिसते. टोचायचं त्या शिरेत नाही. शीर आणि कड यांच्यामधल्या बारीक पट्टीत. नवी कोरी सुई, हातानं, एकदाच.

ताईंनी हातातल्या हिरव्या बांगड्या मागं सारल्या आणि सुई घेतली.

“मॅडम, परत पळाला तर?”

“पळाला तर पळू द्या. आज धरायचं नाही.”

त्यांनी टोचलं. बब्बूचा कान माशी बसल्यासारखा हलला, बस्स. मोहरीएवढा थेंब आला. मशीनला लावलेल्या स्ट्रिपनं तो ओढून घेतला. ताईंनी बोळा दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं चिकन दिलं. बब्बूनं ते खाल्लं आणि अजून मागितलं.

दोनशे दहा.

“किती आली?” दाराच्या फटीतून आवाज आला.

“हळू बोला हो!” ताई ओरडल्या. तेवढ्यानं बब्बू उठला. पण कपाटामागं गेला नाही. मांडीवरच गोल फिरून परत बसला. ताई मग बराच वेळ डोळे पुसत होत्या.

पुढं सगळं साध्या रस्त्यानं गेलं. माणसांचं मशीन मांजराच्या रक्तात आकडा थोडा कमी दाखवतं, म्हणून माझ्या दवाखान्यातल्या जनावरांच्या मशीनशी अधूनमधून पडताळून बघितलं. खरे आकडे मिळायला लागल्यावर डोस नीट बसवता आला. दूध-पोळी बंद केली. काही महिन्यांनी इन्सुलिन कमी करत करत थांबवलं. मांजरांमध्ये असं कधीकधी होतं. ते टिकेलच असं नाही, म्हणून ताई अजूनही मधूनमधून तपासतात.

लातूरला डॉक्टरांचा एक मेळावा झाला. तिथं डॉक्टरसाहेबांनी ‘पाळीव प्राण्याची घरच्या घरी शुगर तपासणी: माझा अनुभव’ असं भाषण दिलं. मलाही बोलावलं होतं, मागच्या रांगेत. पडद्यावर मोठा फोटो आला. बब्बूचा कान, कापूस, सुई आणि सुई धरणारा हात. हातात हिरव्या बांगड्या होत्या. टाळ्या वाजल्या. बांगड्यांबद्दल कुणी काही विचारलं नाही.

आता कुणाला घरी शुगर तपासायला सांगायची वेळ आली, की मशीन कोणतं घ्यायचं हे मी नंतर सांगते. आधी विचारते, टोचणार कोण? घरातला सगळ्यात हुशार माणूस पुढं आला, की म्हणते, तुम्ही बसा. दुसरं कोण आहे घरात?