नानांचं मीटर

सुरतच्या उधन्यातल्या आमच्या गल्लीतल्या नानांना गाणं धड ऐकू येत नसे, तरी ते गाणी टेप करत. मिलमध्ये वीस वर्षं मागाशेजारी उभं राहून कान गेले होते. कानांचं काम टेपरेकॉर्डरच्या मीटरवरची सुई करी. "सुई काळ्यात नाचू दे," ते म्हणत, "लाल पट्ट्यात घुसली की आवाज फाटला. साडी रफू होते, आवाज होत नाही."

पोरं ओरडून विचारत, "नाना, सुईला विचारा, चहात साखर पडली का?"

"तिला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, गध्या!"

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. माझ्या बी.ए.च्या परीक्षेच्या महिन्यात नानांनी गल्लीत लाउडस्पीकर लावायला साफ नकार दिला होता, अगदी सख्ख्या पुतणीच्या लग्नालाही.

त्याच वर्षी श्रावणात त्यांच्या पत्नी, जिजी, खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाची गाणी गाणार होत्या. एक माइक जिजींपुढे, एक ढोलकीपुढे. गाणी रंगात असताना पूजेसाठी नानांना बोलावणं आलं. उठताना दोन्ही माइकांची बटणं माझ्याकडे सोपवून म्हणाले, "ढोलकी जड झाली तर ढोलकी उतरव. जिजीला चढवू नको."

मी नेमकं उलटं केलं. जिजी ढोलकीत बुडताहेत असं वाटलं, म्हणून त्यांचंच बटण फिरवत गेलो. सुई लाल पट्ट्याच्या टोकाला चिकटली. मला चांगले कान असताना सुईचं कशाला ऐकू?

गाणी संपल्यावर टेप लावली, तर वरच्या प्रत्येक सुराला जिजींचा आवाज खरखरत होता. "कसं शे, भाऊ?" नानांनी विचारलं. जिजी शेजारीच बसल्या होत्या.

"झकास!" मी म्हणालो.

पुढच्या कानबाईला जिजी नव्हत्या.

बँकेच्या नोकरीत बदली झाल्यावर नानांचा निरोप घ्यायला गेलो. तीच टेप लावून ते मीटरसमोर बसले होते. सुई खाली आली. "हे बघ, इथं तिनं श्वास घेतला." मग सुई लाल पट्ट्यात जाऊन अडकली. "इथं मीटर बिघडतं. त्याच दिवशी दिसलं होतं मला. जिजी म्हणे, परत गाते. म्हटलं, राहू दे, बी.ए. शिकेल माणूस झकास म्हणतो, सुईच खोटी असेल. दोनदा दुरुस्त करून आणलं."

मी तोंड उघडलं. नाना माझ्या ओठांकडे बघत होते.

"मीटर बदलूनच घ्या, नाना."

"घेतो," ते म्हणाले, आणि टेप पहिल्यापासून लावली.