रुमालाखालचा भाव

रखमाजीचं सगळं आयुष्य रुमालाखाली गेलं. जालन्याच्या कापूस बाजारात तो दलाल होता. एका बाजूला गाडी घेऊन आलेला शेतकरी, दुसऱ्या बाजूला व्यापारी, आणि मध्ये हा. खांद्यावरचा रुमाल हातांवर टाकायचा, खाली बोटं दाबायची आणि भाव ठरवायचा. शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळत नसे. याच्या पोटात गेलेलं ओठावर येत नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्यानं वीस वर्षं भाकरी खाल्ली.

पण दलाली चार महिन्यांची. कापूस संपला की उरलेले आठ महिने माशा मारायच्या. चाळिशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि त्याच सुमारास किशनलालशेठ या व्यापाऱ्यानं खबर दिली. मुंबईच्या एका गिरणीला जालन्यात पगारी खरेदीदार हवा होता. मॅनेजरला यायला सवड नव्हती. बुधवारी अकरा वाजता तो शेठच्या दुकानात फोन करणार, तीन मिनिटं बोलणार आणि माणूस पसंत पडला तर सोमवारपासून ठेवणार. शेठनं स्वतः शब्द टाकला होता. गिरणीचा खरेदीदार आपल्या ओळखीतला असलेला कोणत्या व्यापाऱ्याला नको असतो?

त्या दिवसापासून रखमाजीच्या पायाला भिंगरी लागली. अर्ध्या जेवणावरून उठायचा, दारापर्यंत जायचा, परत येऊन बसायचा. पोलीस ॲक्शन होऊन निजाम गेला त्याला सात वर्षं झाली होती, बाजारात दोन-तीन पेढ्यांवर फोन आले होते, पण यानं तो कधी कानाला लावला नव्हता. रोज काही ना काही निमित्त काढून शेठच्या दुकानात जायचा आणि त्या काळ्या यंत्राकडं बघून यायचा.

शेवटी त्याच्या बायकोनं, साळूबाईनंच पदर खोचला. ती दाराआड बसायची, दार लावून घ्यायची आणि आतून मॅनेजर व्हायची. नाव काय, बाजारात किती वर्षं, ओला कापूस कसा ओळखता? ओला कापूस रखमाजी गालाला लावून ओळखायचा. त्यानं हात गालाला नेला आणि गप्प उभा राहिला. दुसऱ्या प्रश्नाला नुसती मान हलवली. साळूबाईनं दार उघडलं.

"अहो, मान हलवलेली मुंबईला दिसती का?" ती म्हणाली. "इचारलं की जल्दी बोलायचं. थांबलात की गेली नोकरी."

सहा दिवस तिनं हाच धोशा लावला. चुलीपुढून विचारायची, पाणी ओतता ओतता विचारायची, एकदा तर झोपेतून हलवून विचारलं. वीस वर्षं मिटलेलं तोंड सहा दिवसांत उघडायचं म्हणजे काही खायचं काम नव्हतं, पण बाईनं ते उघडलं. मंगळवारी तिचा प्रश्न संपायच्या आत त्याचं उत्तर बाहेर पडत होतं.

बुधवारी सकाळी हाताला काम असावं म्हणून त्यानं किशनलालशेठसाठी दोन सौदे केले. एक बदनापूरकडच्या काकासाहेबांचा, दुसरा त्यांच्याच शेजारच्या पुंजारामचा. काकासाहेब पैसे घेऊन निघून गेले. पुंजाराम आपल्या हिशोबाच्या पट्टीची वाट बघत दुकानातच बसला होता. अकरा वाजले, साडेअकरा झाले, फोन येईना. रखमाजी पायरी उतरून रस्त्यावर जायचा, पुन्हा वर यायचा. शेठनं त्याला दोनदा बस म्हटलं, तो दोनदा बसला आणि दोनदा उठला.

पावणेबाराला घंटी वाजली. शेठनं यंत्र त्याच्या कानाला धरून दिलं. पलीकडं हिंदी बोलणारा घाईचा माणूस होता. नाव विचारलं, यानं सांगितलं. वर्षं विचारली, सांगितली. ओला कापूस विचारला, तोही धडाधडा सांगितला. लाइनीत खरखर होती, म्हणून रखमाजी गाडीवाल्याला हाक मारावी तसा ओरडत होता. आपल्याला हे जमतंय, याचा त्याला फार आनंद झाला होता.

मग मॅनेजरनं विचारलं की आज तुमचा किशनलाल खरा कितीला घेतोय, रुमालाखाली? आणि प्रश्न संपायच्या आत रखमाजीनं काकासाहेबांचं नाव घेऊन त्यांचा आकडा सांगितला. रुपये सांगितले, वरचे आणे सांगितले. तो आकडा इथं लिहायचं कारण नाही, दुकानातल्या सगळ्यांनी तो स्वच्छ ऐकला.

मॅनेजर खूश झाला. सोमवारपासून कामाला लागा म्हणाला. तीन मिनिटं संपली आणि लाइन बंद झाली.

रखमाजी तसाच उभा राहिला. आपण काय केलं हे त्याला आत्ता कळलं. शेठचा खरेदीचा भाव आता गिरणीला ठाऊक झाला होता, तिला कापूस विकताना वर चार पैसे सोडवायची सोय उरली नव्हती. किशनलालशेठनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला.

"नौकरी मिळाली, चांगलं झालं," ते सावकाश म्हणाले. "पन यापुढं माझा सौदा तू करू नको."

शेठच्या पाया पडावं असं त्याला वाटलं. तो वळला, तर मागं पुंजाराम उठून उभा होता. रागावलेला दिसत नव्हता. त्यानं उजवा हात पुढं केला आणि त्या हाताकडं स्वतःच बघत राहिला.

"रखमाजीदादा, काकासाहेबाचं अन् माझं वावर एका बांधाला हाय," तो म्हणाला. "कापूस बी सारखाच. मंग सकाळी माझ्या हातात कमी बोटं का दाबली?"

रखमाजीनं तोंड उघडलं. पण हात खांद्यावरच्या रुमालाकडं गेला.